शा-२५६ चे राउंड कापण्याआधी ते ५.४ मिलिसेकंद कुठे जातायत ते बघ

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. विचारणारा महापेला नोकरीला आहे, डोंबिवलीहून जाऊन-येऊन करतो, दोन वर्षं झालीत. त्याच्या गळ्यात तीन कामं पडलीयत. एक, कर्जाच्या कागदांच्या स्कॅन केलेल्या सुमारे ४० लाख फाइल्स, सरासरी २०० केबीची एक, सगळ्या नेटवर्क स्टोरेजवर, गिगाबिट लाइनच्या पलीकडे, हार्डडिस्कवर. रोज रात्री त्या सगळ्यांचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बाइट्सवरून निघणारा ठरावीक लांबीचा ठसा, काढून कालच्या यादीशी जुळवायचा. पायथनची स्क्रिप्ट आहे, साडेबाराला सुरू होते आणि साडेसहाला संपते, आणि सकाळची बॅच सहाला लागते त्यामुळे रोज बोंब. दोन, ऑडिट लॉगची साखळी, म्हणजे प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश, महिनाअखेरीला ६० कोटी नोंदी तपासायला एक तास चाळीस मिनिटं लागतात. तीन, रिपोर्टमध्ये ग्राहकांचे मोबाइल नंबर थेट न दाखवता त्यांचा हॅश दाखवतात. आणि तो विचारतोय की ताई, शा-२५६ मध्ये ६४ राउंड (डेटा घुसळायच्या फेऱ्या) असतात ते आपण ३२ केले तर वेळ अर्धा होईल ना, आपल्याच ऑफिसात वापरायचंय, नाहीतर सरळ एमडी५ ह्या जुन्या हॅशवर जाऊ का.

राउंडचं आधी, कारण तो विचार डोक्यातून जाईपर्यंत बाकीचं नीट ऐकलं जाणार नाही. नाही करायचे. शा-२५६ चे राउंड कमी करून ते फोडायचा प्रयत्न संशोधक वर्षानुवर्षं करतायत, आणि २०२४ मध्ये ३१ राउंडच्या शा-२५६ चं प्रत्यक्ष कोलिजन दाखवलं गेलं, म्हणजे दोन वेगळे मेसेज आणि हॅश एकच, कागदावरचा हिशोब नाही, खरेखुरे बिट्स. तू ३२ वर थांबायचं म्हणतोयस. म्हणजे कुंपण आणि तुझ्यामध्ये एका राउंडचं अंतर. ते ३१ च्या पुढचे ३३ राउंड तुला फुकट जाताना दिसतायत पण आपण सगळे विश्वास ठेवतो तो त्यांच्यावरच. आता राउंड कधीच कमी होत नाहीत असंही नाही. ब्लेक२एस नावाच्या दुसऱ्या एका हॅशमध्ये १० राउंड होते, २०२० च्या जानेवारीत ब्लेक३ आलं त्यात ७ केले, पण ते करणारे लोक तेच होते ज्यांनी मूळ ब्लेक बनवलं किंवा ब्लेक२ वर काम केलं, आणि त्यामागे शा-३ हा नवा स्टँडर्ड हॅश निवडायच्या स्पर्धेपासून जमलेलं इतक्या वर्षांचं ॲनालिसिस होतं. आपल्याकडे रात्रीची बॅच उशिरा संपतेय एवढंच कारण आहे.

आणि अजून एक, हे कर्जाचे कागद आहेत, उद्या कोर्टात जाऊ शकतात. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झालाय, त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड द्यायचं तर सोबतच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू लिहायची असते आणि ती कुठल्या अल्गोरिदमने काढली तेही, शा-१, शा-२५६, एमडी५, नाहीतर कायद्याने मान्य असलेलं दुसरं काही. तिथे 'आमचा ३२ राउंडवाला' लिहिलंस तर समोरच्या वकिलाचा तज्ज्ञ तो हॅश कशावर काढून बघणार? नमुन्यात एमडी५ पण आहे हे बघून खूश होऊ नकोस, एमडी५ चं कोलिजन २००४ मध्येच दाखवलं गेलंय आणि आज साध्या लॅपटॉपवर निघतं. शा-१ चं २०१७ मध्ये निघालं, एकाच हॅशच्या दोन वेगळ्या पीडीएफ सगळ्या जगाने उघडून बघितल्या. तुझ्या फाइल्स स्कॅन केलेले कागदच आहेत.

आणि एमडी५ फास्ट असतं हे आता तसं राहिलंच नाहीये. एमडी५ साठी इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरमध्ये वेगळी इन्स्ट्रक्शन नाही, आणि त्यात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अडकलेली, त्यामुळे ते साधारण ६००-७०० एमबी सेकंदाला ह्याच्या आसपास जाऊन थांबतं. शा-२५६ ला मात्र नव्या प्रोसेसरमध्ये स्वतःच्या इन्स्ट्रक्शन आहेत आणि त्या वापरल्या गेल्या तर एका कोअरवर दीड जीबी सेकंदाला आरामात पार होतो. म्हणजे नव्या मशीनवर एमडी५ वर गेलास तर सुरक्षा पण गेली आणि वेग पण.

आता तुझ्या पहिल्या कामाचा हिशोब करू, कागद-पेन घेऊन कर माझ्याबरोबर. सहा तास म्हणजे २१,६०० सेकंद. भागिले ४० लाख. एका फाइलला ५.४ मिलिसेकंद. आता ह्या ५.४ मध्ये हॅशचा वाटा किती? तुझं मशीन जुनं आहे असं धरू, शा-२५६ ४०० एमबीने चालतं. २०० केबीला ०.५ मिलिसेकंद. गिगाबिट लाइनवरून खरा डेटा येतो ११० एमबीच्या आसपास, म्हणजे २०० केबी यायला १.८ मिलिसेकंद. दोन्ही मिळून २.३ झाले. उरलेले ३.१ कुठे गेले? ते गेले फाइल उघडण्यात, तिची माहिती विचारण्यात, पलीकडच्या हार्डडिस्कचं डोकं जागेवर जाईपर्यंत थांबण्यात. ७,२०० आरपीएमच्या डिस्कला नुसती अर्धी चक्कर फिरायला ४ मिलिसेकंदाच्या वर लागतात, कॅशमुळे काही फाइल्स लवकर मिळतात म्हणून सरासरी खाली आलीय एवढंच. म्हणजे तू शा-२५६ चे राउंड अर्धे केलेस, आख्खी सुरक्षा घालवलीस, तर ५.४ चे ५.१५ होणार. साडेसहाला संपणारं काम सव्वासहाच्या जवळपास संपेल. सहाची बॅच तरीही अडकणार.

म्हणून पहिली गोष्ट, एका वेळी एकच फाइल घेणं बंद कर. आत्ता तुझी स्क्रिप्ट फाइल मागते, थांबते, हॅश काढते, मग पुढची मागते, म्हणजे लाइन चालू असताना प्रोसेसर बसलेला आणि प्रोसेसर चालू असताना लाइन बसलेली. आठ थ्रेड लाव, म्हणजे एकाच स्क्रिप्टमध्ये आठ कामं एकदम. पायथनमध्ये थ्रेडचा उपयोग नाही असं सगळे म्हणतात पण हॅशलिबच्या, म्हणजे पायथनच्या हॅश काढायच्या लायब्ररीच्या, बाबतीत ते खरं नाही, २,०४७ बाइटपेक्षा मोठा तुकडा एका वेळी दिलास तर हॅश चालू असताना तो जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं पायथनचं कुलूप) सोडतो, दुसरे थ्रेड चालतात. त्यामुळे ४ केबीचे तुकडे वाचत बसू नकोस, एक एमबीचा बफर घे, तुझी सरासरी फाइल एकाच वाचनात येईल. एवढ्याने तू लाइनच्या मर्यादेला जाऊन टेकशील, ८०० जीबी भागिले ११० एमबी, साधारण दोन तास. इथून पुढे लाइन बदलल्याशिवाय किंवा हॅश काढायचं काम स्टोरेजच्याच मशीनवर नेल्याशिवाय खाली जाणार नाही.

पण खरं तर ते दोन तासही कशाला? तुझे स्कॅन एकदा लिहिले की बदलत नाहीत. मग फाइल पहिल्यांदा येते तेव्हाच, बाइट्स मेमरीत असतानाच, हॅश काढ आणि यादीत टाक. तेव्हा डिस्क वाचायचा खर्च शून्य. रात्री सगळ्या ४० लाख फाइल्स वाचण्याऐवजी तिसावा हिस्सा वाच, म्हणजे महिन्याभरात सगळ्यांची एक फेरी होते. १.३३ लाख फाइल्स गुणिले ५.४ मिलिसेकंद, १२ मिनिटं, आजचीच स्क्रिप्ट, एक ओळ न सुधारता. आठवड्यात फेरी हवी असेल तर ५१ मिनिटं. कुठला हिस्सा कधी हे रँडम ठेव. आणि फाइलची तारीख-साइज बदलली नाही म्हणून हॅश काढायचा नाही, ही युक्ती अनेक जण वापरतात, डिस्क खराब झालीय का एवढंच बघायचं असेल तरी ती चुकीची आहे कारण सडलेल्या बिटला तारीख नसते, आणि कोणी मुद्दाम बदल करत असेल तर तो तारीखही मागे नेऊन ठेवेल. तारीख बघून आज नवीन काय आलं ते शोध, पण जुनं शाबूत आहे असं तारखेवरून ठरवू नकोस. यादी दुसऱ्या मशीनवर, सही करून.

आता तुला प्रश्न पडेल की मग हॅश फंक्शन फास्ट करायचं म्हणून लोक नक्की काय करतात, कारण करतात तर नक्कीच, आणि ते काम इतकं देखणं आहे की मला त्याबद्दल बोलायला आवडतं. शा-२५६ तुझा मेसेज ६४-६४ बाइटच्या ब्लॉकमध्ये कापतं. आत आठ व्हेरिएबल असतात, ए पासून एच पर्यंत, ३२ बिटचे. प्रत्येक ब्लॉकला ६४ राउंड. एका राउंडमध्ये आठांपैकी फक्त दोन, ए आणि ई, नव्याने बनतात, बाकीचे सहा नुसते एक घर पुढे सरकतात, ए चा बी होतो, बी चा सी होतो, असं. पुस्तकातला कोड बघितलास तर त्यात सरकवायच्या सहा ओळी लिहिलेल्या असतात. अनुभवी माणूस त्या लिहितच नाही, आठ राउंड उलगडून लिहितो आणि प्रत्येक राउंडला नावंच फिरवून देतो, आठव्यानंतर सगळी नावं परत आपापल्या जागी. सरकवायचं काम शून्य.

मग आत एक फंक्शन आहे, सीएच म्हणतात. ई च्या ज्या बिटला १ आहे तिथे एफ चा बिट घ्यायचा, जिथे ० आहे तिथे जी चा. स्टँडर्डमध्ये ते असं दिलंय की ई आणि एफ चं अँड (दोन्ही बिट १ तरच १), मग ई उलटं करून त्याचं जी शी अँड, मग दोन्हींचं एक्सॉर (दोन बिट वेगळे असतील तर १). चार ऑपरेशन. आता असं कर, एफ आणि जी चं एक्सॉर घे, त्याचं ई शी अँड कर, आलेल्याचं परत जी शी एक्सॉर. ई ला १ असेल तर जी दोनदा येऊन स्वतःला खोडतो आणि एफ उरतो, ० असेल तर नुसता जी. तीन ऑपरेशनमध्ये तेच उत्तर. दुसरं फंक्शन मेज, ए बी सी तिघांचं बहुमत. सरळ लिहिलं तर पाच ऑपरेशन. पण ए आणि बी सारखे असतील तर उत्तर बी, वेगळे असतील तर उत्तर सी, म्हणजे ए-बी चं एक्सॉर आणि बी-सी चं एक्सॉर ह्यांचं अँड करून बी शी एक्सॉर केलं की झालं. ह्यात मला सगळ्यात आवडतं ते पुढचं: पुढच्या राउंडमध्ये ए चा बी झालेला असतो आणि बी चा सी, त्यामुळे तिथे लागणारं बी-सी चं एक्सॉर म्हणजे आत्ता काढलेलं ए-बी चंच. ते ठेवून द्यायचं, परत काढायचं नाही. पाचाचे तीन. दोन्ही मिळून राउंडला तीन ऑपरेशन वाचले, ६४ राउंडला १९२, प्रत्येक ६४ बाइटमागे. आणि हॅशचा एक बिटही बदललेला नाही. फास्ट करणं म्हणजे हे. गणित तेच ठेवायचं आणि रस्ता छोटा शोधायचा.

पण ह्या सगळ्यालाही एका जागी भिंत लागते. प्रत्येक राउंडला आधीच्या राउंडचे ए आणि ई हवेत, ते आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बिल्डिंगचा स्लॅब भरताना बघितलंयस ना, माणसांची रांग लागते आणि घमेली हातोहात वर जातात. एक घमेलं खालून वर पोचायला जो वेळ लागतो तो तू माणसं वाढवून कमी करू शकत नाहीस, प्रत्येक हाताने आधीच्या हाताची वाट बघायचीच आहे. पण शेजारी अजून सात रांगा लावल्या तर त्याच वेळात आठ घमेली वर जातात. तेच इथे करतात. एव्हीएक्स२ ह्या प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन-संचाचं रजिस्टर (आकडे ठेवायची आतली जागा) २५६ बिटचं, त्यात ३२ बिटचे आठ आकडे मावतात, मग आठ वेगवेगळ्या मेसेजचा ए एका रजिस्टरमध्ये, आठांचा बी दुसऱ्यात, आणि एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये आठही मेसेज एक पायरी पुढे. एव्हीएक्स-५१२ असेल तर सोळा, आणि वरून त्यात सीएच आणि मेज सारखी तीन इनपुटची फंक्शन्स एकेका इन्स्ट्रक्शनमध्ये होतात. ह्याला मल्टीबफर म्हणतात. एकाच लांबलचक फाइलला ह्याचा काही उपयोग नाही पण छोटे-छोटे स्वतंत्र मेसेज ढिगाने असतील तर ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. ब्लेक३ ने तर हेच मूळ रचनेत घातलं, फाइल १,०२४ बाइटच्या तुकड्यांत कापायची, प्रत्येकाचा हॅश स्वतंत्र, वर झाडासारखे जोड्या-जोड्यांनी एकत्र, त्यामुळे एकाच फाइलवरही सगळ्या रांगा चालतात. ऑफिसच्या आतल्या आत, डुप्लिकेट शोधायला वगैरे, मी ब्लेक३ बेलाशक वापरते. कोर्टात किंवा बाहेरच्या ऑडिटरकडे जायचं असेल तिथे शा-२५६.

आणि मग थेट सिलिकॉनमध्येच बसवलेल्या इन्स्ट्रक्शन. इंटेलने ह्या २०१३ मध्ये जाहीर केल्या, एएमडीने २०१७ च्या झेन पासून दिल्या, एआरएमच्या आठव्या व्हर्जनपासून तिकडेही आहेत, तुझ्या मोबाइलमध्ये बहुतेक असतीलच. एक इन्स्ट्रक्शन दोन राउंड करते, म्हणजे ६४ राउंड ३२ इन्स्ट्रक्शनमध्ये. ओपनएसएसएल ही क्रिप्टोची लायब्ररी हे आपोआप ओळखून वापरते, तुला कोडमध्ये काही करायचं नसतं. फक्त एकच अट, प्रोसेसरने ते आहे असं सांगायला पाहिजे, आणि इथे मी स्वतः चांगली अडकलेय म्हणून सविस्तर सांगते.

ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये आमचं काम नव्या सर्व्हरवर हलवलं होतं, कागदावर मशीन जुन्याच्या दुप्पट भारी, आणि हॅशिंगचा वेग जिथल्या तिथे, साधारण ४०० एमबी. मी नऊ दिवस कोडमध्ये घालवले. वर लिहिल्या त्या सगळ्या युक्त्या हाताने केल्या, राउंड उलगडले, एक्सॉर वाचवले, मिळाले १०-१२ टक्के. दहाव्या दिवशी रात्री घरी जायच्या आधी सहज प्रॉकमधली सीपीयूइन्फो, म्हणजे लिनक्समधली प्रोसेसरची माहिती देणारी फाइल, उघडली आणि बघितलं तर प्रोसेसरच्या नावाच्या जागी काहीतरी भलतंच सर्वसाधारण नाव, आणि फ्लॅगच्या यादीत शा-एनआय, म्हणजे त्या इन्स्ट्रक्शन असल्याची खूण, नाहीच. सर्व्हर व्हर्च्युअल होता आणि व्हर्च्युअलायझेशन लावणाऱ्याने गेस्टला, म्हणजे आमच्या व्हर्च्युअल मशीनला, खरा प्रोसेसर न दाखवता जुनाट कॉमन मॉडेल दाखवलं होतं. त्यालाही कारण होतं, वेगवेगळ्या वयाच्या मशीनवर चालू गेस्ट हलवायचा तर सगळ्यांना सारखं तेवढंच दाखवावं लागतं. त्यांच्याशी बोलून आमचे गेस्ट एकाच पिढीच्या मशीनवर ठेवायचं ठरलं, सेटिंगची एक ओळ बदलली, गेस्ट बंद करून चालू केला, १,५०० एमबीच्या पुढे. माझे नऊ दिवसांचे १२ टक्के एका बाजूला आणि ती ओळ एका बाजूला. तेव्हापासून नव्या मशीनवर बसल्या-बसल्या मी आधी फ्लॅग बघते आणि ओपनएसएसएलची स्पीड कमांड चालवते, दोन मिनिटांचं काम. तुझ्या मशीनला खरोखरच त्या इन्स्ट्रक्शन नसतील आणि ६४ बिटचा सर्व्हर असेल तर शा-५१२/२५६ बघ, ते १२८ बाइटला ८० राउंड करतं, शा-२५६ ला तेवढ्याच बाइटला १२८ राउंड लागतात, म्हणून जुन्या मशीनवर ते साधारण दीडपट जातं. नवीन मशीनवर मात्र उलटं होतं.

आता तुझं दुसरं काम, ऑडिट लॉग. इथे मेसेज छोटे आहेत आणि छोट्या मेसेजचं शास्त्रच वेगळं. तू पाठवलेल्या नमुन्यात नोंद ८० बाइटची आहे, तिच्या आधी मागच्या नोंदीचा हॅश हेक्समध्ये, म्हणजे एका बाइटला दोन अक्षरं अशी ६४ अक्षरं, मध्ये एक उभी रेघ, आणि ह्या सगळ्याचा एचमॅक, म्हणजे गुप्त चावी घालून काढलेला हॅश. १४५ बाइट झाले. शा-२५६ शेवटी कमीत कमी ९ बाइटचं पॅडिंग लावतं, एक खूण आणि आठ बाइटमध्ये लांबी, म्हणजे १५४, म्हणजे तीन ब्लॉक. एचमॅक आतल्या फेरीला चावीचा एक ब्लॉक आधी लावतो, बाहेरच्या फेरीला परत चावीचा एक आणि निकालाचा एक. एकूण सहा ब्लॉक प्रत्येक नोंदीला. आता हेक्स सोड, हॅश मूळ ३२ बाइटमध्येच ठेव, लांबी ठरलेली आहे त्यामुळे रेघेचीही गरज नाही, ११२ अधिक ९, १२१ बाइट, दोन ब्लॉकमध्ये बसलं. आणि चावी सगळ्या नोंदींना एकच आहे ना, मग चावीचे ते दोन ब्लॉक ६० कोटी वेळा कशाला काढायचे, एकदा चावी भरलेला ऑब्जेक्ट तयार ठेव आणि प्रत्येक नोंदीला त्याची कॉपी घे, आतली-बाहेरची दोन्ही अवस्था तयार मिळते. उरले तीन. सहाचे तीन, सुरक्षेला धक्का न लावता, आणि ज्या ५० टक्क्यांसाठी तू राउंड कापायला निघाला होतास ते इथे नुसतं मोजून मिळाले. फक्त नोंदीचा साचा बदलल्यामुळे जुन्या साखळीचे हॅश ह्या पद्धतीने जुळणार नाहीत, त्यामुळे ठरलेल्या तारखेपासून नवी साखळी सुरू कर आणि तिच्या पहिल्या नोंदीत जुनीचा शेवटचा हॅश घाल.

हा फायदा पायथनमध्ये पूर्ण दिसणार नाही हेही आत्ताच सांगते. एका ब्लॉकला जुन्या मशीनवर सुमारे १५० नॅनोसेकंद लागतात, सहाला ०.९ मायक्रोसेकंद, आणि तुझा आजचा हिशोब १०० मिनिटं भागिले ६० कोटी, नोंदीला १० मायक्रोसेकंद. म्हणजे नऊ-दशांश वेळ ओळ वाचण्यात, तोडण्यात, ऑब्जेक्ट बनवण्यात चाललाय. तो आतला लूप सी किंवा रस्टमध्ये लिही. सी मध्ये लिहिताना एक सांभाळ, ओपनएसएसएल ३ पासून अल्गोरिदम नावाने शोधायची पद्धत आलीय, तो शोध लूपच्या बाहेर एकदाच कर, आत ठेवलास तर छोट्या मेसेजला हॅशपेक्षा शोधाचाच खर्च जास्त होतो.

पण त्याच्याही आधी हे बघ, तू साखळी तपासताना पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंत एका रांगेत जातोयस, कारण ती साखळी आहे, आणि १६ कोअरपैकी १५ बसून आहेत. साखळी बनवताना रांगेत जावंच लागतं, मागचा हॅश अजून जन्माला आलेला नसतो. तपासताना मात्र सगळे हॅश तुझ्या हातात लिहिलेले आहेत! ४ कोटीव्या नोंदीजवळ तिच्या मागची नोंद काय हॅश सांगते ते लिहिलेलंच आहे, ते उचल, नोंदीसोबत एचमॅक काढ, लिहिलेल्याशी जुळव. हा दुवा बरोबर की नाही ते बाकीच्या कशावर अवलंबून नाही. सगळे दुवे स्वतंत्रपणे बरोबर असतील तर साखळी बरोबर. ६० कोटीचे १६ वाटे कर, वाट्यांच्या सीमेवरची नोंद दोन्हीकडे घे म्हणजे मधला दुवा सुटणार नाही. आणि शेवटचा हॅश बाहेर कुठेतरी ठेवलेल्या प्रतीशी जुळव, नाहीतर कोणी शेपूटच कापली तर कळणार नाही. हे आजच्या पायथनमध्येही होईल, इथे मात्र थ्रेड नको, सोळा वेगळ्या प्रोसेस लाव कारण मेसेज २,०४७ बाइटच्या आतले आहेत, जीआयएल सुटत नाही. १०० मिनिटांची सात-आठ मिनिटं होतील, डिस्कने साथ दिली तर. सी मध्ये मल्टीबफर लावलास तर अजून कितीतरी खाली.

साखळीऐवजी मर्कल झाड करायचा विचार पुढे कधी केलास, म्हणजे नोंदींच्या हॅशच्या जोड्या लावत वर एकच हॅश, तर तिथेही बायनरीच ठेव, दोन हेक्स हॅश जोडले की १२८ बाइट आणि तीन ब्लॉक, बायनरी जोडले की ६४ बाइट आणि दोन ब्लॉक. पानाच्या, म्हणजे झाडाच्या टोकाच्या एकेका नोंदीच्या, हॅशआधी ० चा बाइट आणि जोडीच्या हॅशआधी १ चा बाइट लाव, सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीमध्ये (वेबसाइटच्या सर्टिफिकेटांच्या जाहीर नोंदवह्या) २०१३ पासून असंच करतात, नाहीतर कोणी आतली जोडीच पान म्हणून खपवू शकतो. तो बाइट लावून ६५ होतात, तरी दोनच ब्लॉक, म्हणजे काही महाग पडत नाही.

राहिलं तिसरं काम, आणि ते तू सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंयस, पण मला झोप लागू न देणारं तेच आहे. मोबाइल नंबरचा नुसता शा-२५६ काढून तो रिपोर्टमध्ये देताय. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी, बस. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काहीशे कोटी शा-२५६ सहज काढतं, ह्याच वर सांगितलेल्या सगळ्या युक्त्या वापरून. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला आख्खा कॉलम उलटा करून सगळे नंबर परत मिळवायला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागणार नाही. हॅश फास्ट करण्यासाठी आपण एवढी धडपड करतोय ना, तो वेग चोरालाही तेवढाच मिळतो. इथे साधा हॅश चालतच नाही. रिपोर्टमध्ये एकाच ग्राहकाच्या ओळी जुळवता याव्यात एवढीच गरज असेल तर गुप्त चावी घालून एचमॅक काढ, चावी रिपोर्ट बनवणाऱ्या सर्व्हरच्या बाहेर जाऊ देऊ नकोस, दर महिन्याला बदल. पासवर्ड असते तर आर्गॉन२ म्हटलं असतं, ते मुद्दाम सावकाश आणि मेमरी खाणारं बनवलंय, पण ४०० कोटीच शक्यता असतील तर नुसतं सावकाश करून भागत नाही, चावी पाहिजेच. आणि आजवर गेलेले रिपोर्ट कोणाकोणाकडे आहेत त्याची यादी काढून तुझ्या साहेबांच्या कानावर घाल, ईमेलवर, तोंडी नको. उद्या गाडीत बसल्यावर आधी तो ईमेल लिही आणि ऑफिसला पोचल्या-पोचल्या पुढचा रिपोर्ट थांबव, फाइल्सची स्क्रिप्ट आणि साखळी सोमवारी हातात घेतलीस तरी चालेल.